चोवीस थेंब

तात्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक काचेची नळी असायची. माझे वडील ग्रामपंचायतीचे पाणीवाले. पहाटे साडेपाचला पंप सुरू करायचे, बादलीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवायचे, गाळ खाली बसला की वरची निवळी विहिरीत सोडायचे आणि तासाभराने गावातल्या पार शेवटच्या नळापाशी जायचे. नळीत पाणी धरायचं, ऑर्थोटोलिडीनचे, म्हणजे 'ओटी'चे, थेंब टाकायचे आणि नळी उगवतीकडे करून बघायचं. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचलं. तसंच राहिलं तर तात्या न्याहारीला घरी येत नसत, परत विहिरीकडे जात. त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाचा रंग उडालेला असे. आई ते शर्ट वेगळ्या बादलीत धुवायची.

एकदा मी विचारलं होतं, पावडर टाकलीय ना तुम्ही, मग परत बघायला कशाला जाता? म्हणाले, "टाकली ते मला माहीत आहे. पुरली का ते पाण्यालाच माहीत."

हे वाक्य मी जवळजवळ विसरले होते. गेल्या वर्षी मे महिन्यात ते परत आठवलं, कारण आमच्या दारचं पाणी हिरवं झालं होतं.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला आम्ही दोन खोल्या बांधल्या, पाहुणे येऊन राहू लागले, आणि उन्हाळ्यात मुलांना पाण्यात खेळता यावं म्हणून होळीच्या आधी एक स्विमिंग पूल बांधला. घरात सगळे त्याला हौदच म्हणतात. वीस फूट लांब, तेरा फूट रुंद, सरासरी चार फूट खोल. म्हणजे १०४० घनफूट. एका घनफुटात २८ लिटरच्या थोडं वर पाणी मावतं, तेव्हा साधारण ३०,००० लिटर. हा आकडा मी आता मुद्दाम आधी सांगते, कारण ज्यांनी नवा हौद बांधलाय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या हौदात किती लिटर पाणी आहे तेच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. आणि ते माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे. एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. माझ्या हौदात एक पीपीएम म्हणजे तीस ग्रॅम. एवढं समजलं की निम्मं रसायनशास्त्र झालं.

बांधणाऱ्याने जाताना टीसीसीए नावाच्या क्लोरीनच्या पावडरीचा डबा दिला आणि सांगितलं, रोज शंभर ग्रॅम टाकत जा, दुसरं काही बघायची गरज नाही. टीसीसीए नव्वद म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के क्लोरीन. शंभर ग्रॅमने माझ्या हौदाला तीन पीपीएम मिळत होते. मी एक दिवसही चुकवला नाही. पाणी आरशासारखं होतं. मग मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी पायरीवर पाय ठेवला तर पाय सरकला. पाणी अजून स्वच्छच दिसत होतं, फक्त पायरीला बुळबुळीत थर होता, भाताच्या पेजेची साय हाताला लागते तसा. तिसऱ्या दिवशी अख्खा हौद हिरवा. पाणी तपासायची पट्टी बुडवून बघितली तर क्लोरीन तीन पीपीएम. म्हणजे औषध आहे आणि रोगही आहे.

मग सल्ले आले. दुकानात गेले तर समोर चार बाटल्या ठेवल्या गेल्या, एक शेवाळ मारायची, एक पाणी चमकवायची, एक 'शॉक'ची, आणि चौथी कशासाठी ते सांगणाऱ्यालाही नीट सांगता आलं नाही. शेजारच्या भाऊंनी तर थेट शेडमधून मोरचुदाची पिशवी आणून दिली. बागायतदाराच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. वेलीवर बुरशी आली की आपण मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मारतोच, मग पाण्यावरच्या शेवाळाला का नाही? मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरंय. पण त्यातलं तांबं पाण्यातून कुठे जात नाही. पीएच वाढला, म्हणजे पाण्याचा आम्लपणा कमी झाला, की ते प्लास्टरवर काळपट डाग होऊन बसतं, आणि पोहणाऱ्यांच्या केसांवर चढतं. क्लोरीनने केस हिरवे होतात असं लोक म्हणतात ना, ते तांब्याने होतात. तुरटी टाका, असं सासूबाईंनी सुचवलं. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवणारी आपली पिढ्यान्पिढ्यांची रीत, तिला मी नावं ठेवणार नाही. तुरटीने गाळ तळाला बसतो. पण शेवाळ जिवंत असेल तर खाली बसलेलं दोन दिवसांत पुन्हा वर येतं.

टेक्सासमध्ये माझा मावसभाऊ राहतो. तिकडे परसात पूल असणं फार नवलाचं नाही. त्याला फोन लावला तेव्हा त्याने क्लोरीन किती ते विचारलंच नाही. "ताई, सायन्युरिक किती आहे?" मी तो शब्दच पहिल्यांदा ऐकत होते.

टीसीसीएची पावडर म्हणा नाहीतर गोळी, तिच्यात क्लोरीन एकटं नसतं. ते सायन्युरिक ॲसिडला बांधलेलं असतं. पाण्यात पडल्यावर क्लोरीन कामाला लागतं, संपतं. सायन्युरिक मात्र मागे राहतं. ते उडून जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, उकाड्याने कमी होत नाही. दहा पीपीएम क्लोरीन दिलं की सहा पीपीएम सायन्युरिक साचतं. माझे रोजचे तीन, म्हणजे रोज जवळजवळ पावणेदोन. होळीपासून मेअखेरपर्यंत अडीच महिने हा हिशेब लावून बघा.

सायन्युरिक वाईट नाही. थोडं हवंच. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ते नसेल तर क्लोरीन तासाभरात निम्म्यावर येतं. सायन्युरिक त्याला उन्हापासून झाकतं. पण त्यासाठी ते क्लोरीनला गहाण ठेवून घेतं आणि गरजेप्रमाणे थोडंथोडं सोडतं. सावकार जितका मोठा तितकं मोकळं क्लोरीन कमी. हे गणित नवं नाही, १९७४ साली ओब्रायन, मॉरिस आणि बटलर या तिघांनी ते समीकरणांनी मांडून ठेवलंय. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की क्लोरीन नुसतं तीन असून चालत नाही, ते सायन्युरिकच्या साडेसात टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. सायन्युरिक तीस असेल तर सव्वादोनच्या खाली उतरू द्यायचं नाही, म्हणून आपण चार-पाच ठेवतो. आणि सायन्युरिक एकशे वीस असेल तर? किमान नऊ. माझ्याकडे तीन होते. पट्टीवरचा आकडा खोटा नव्हता, पण त्यातलं जवळजवळ सगळं गहाण पडलेलं होतं.

भावाने थेंब मोजायचं किट मागवून दिलं. एवढाच एक मोठा खर्च. मोजायच्या वस्तूवर पैसे वाचवू नका, बाकी सगळीकडे वाचवा, हे मी ज्यांना ज्यांना हौद बांधायचाय त्यांना सांगते. सायन्युरिकची तपासणी मोठी देखणी असते. हौदाचं पाणी आणि एक द्रव सारखे मिसळायचे, ते ताकासारखं पांढुरकं होतं. तळाला काळा ठिपका असलेल्या उभ्या नळीत ते हळूहळू ओतत वरून बघत राहायचं, सूर्याकडे पाठ करून. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. माझा ठिपका पहिल्या रेघेच्याही आधी गेला. पहिली रेघ शंभराची, म्हणजे शंभराच्या वर. मग निम्मं हौदाचं आणि निम्मं पिण्याचं पाणी घेऊन पुन्हा केलं, साठ आले. दुप्पट केले, एकशे वीस.

एवढं सायन्युरिक असताना क्लोरीनने शेवाळावर मात करायची तर सायन्युरिकच्या चाळीस टक्के, म्हणजे अठ्ठेचाळीस पीपीएम धरून ठेवावं लागतं. ते परवडणारं नाही आणि शहाणपणाचंही नाही. उपाय एकच उरतो, पाणी बदलायचं. दिंडोरीत मे महिन्यात पंधरा हजार लिटर पाणी काढून टाकणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. माझा जीव वर-खाली झाला. बागेला सोडावं असं पहिल्यांदा मनात आलं, पण त्या पाण्यात क्षार साचलेले असतात आणि द्राक्षवेलीला क्लोराइड सोसत नाही, पानांच्या कडा जळतात. नारळाला मात्र ते चालतं. क्लोरीन टाकणं बंद ठेवलं, उन्हाने ते शून्यावर आणलं, मग घरामागच्या नारळांच्या आळ्यांत चार दिवस थोडंथोडं सोडलं. हौद निम्मा केला, बोअरने भरला. एकशे वीसचे साठ झाले. उरलेलं काम पावसावर ठेवलं. पाहुण्यांना कळवून टाकलं की हौद बंद आहे. जूनच्या शेवटी विहीर वर आली तेव्हा पुन्हा निम्मं काढून विहिरीचं पाणी घेतलं. साठाचे तीस. (एक जपायला हवं. पावसाळ्यात जमिनीखाली पाणी भरलेलं असताना हौद पूर्ण रिकामा करू नये. खालून दाब येऊन तो उचलला जातो, चिरतो. निम्मं ठीक.)

त्याच आठवड्यात तात्या राहायला आले. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता बऱ्यापैकी दिसतं. हौदाकडे बघून काही बोलले नाहीत. किट उघडून एकेक बाटली हातात घेऊन बघितली आणि विचारलं, "ओटी कुठंय?" ओटी नाही म्हटल्यावर जरा खट्टू झाले. मग मी समजावलं. ओटीचा पिवळा रंग सगळं क्लोरीन एकत्र दाखवतो. पिण्याच्या पाण्यात अर्धा पीपीएम आहे की नाही एवढंच बघायचं असतं, तिथे ते पुरतं. हौदात माणसं उतरतात. घाम, लघवी, अंगाचं तेल यांच्याशी क्लोरीन जोडलं जातं आणि थकून जातं. तोच उग्र वास, ज्याला आपण क्लोरीनचा वास म्हणतो आणि ज्याने डोळे चुरचुरतात. खरं तर तो वास क्लोरीन कमी पडल्याचा आहे. म्हणून ताजं किती आणि थकलेलं किती, हे वेगळं कळायला हवं. आमच्याकडे पाहुण्यांना आता मी हौदाशेजारच्या नळावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय उतरू देत नाही. कुणाला राग आला तरी चालेल. ती दोन तांबे आंघोळ माझं रोजचं क्लोरीन वाचवते.

तात्यांना मी जर्सी सिटीची गोष्टही सांगितली. १९०८ साली जॉन लील नावाच्या डॉक्टरने तिथल्या पाणीपुरवठ्यात क्लोरीन सुरू केलं, अमेरिकेत शहराच्या पाण्यात ते नेमाने पडायला लागलं ते तिथून. आणि त्याने वापरली ती चुन्यात मुरवलेल्या क्लोरीनची पावडर. "म्हणजे आपली टीसीएल," तात्या म्हणाले. "मग इथं का नाही टाकत?" प्रश्न रास्त होता. ताज्या टीसीएलमध्ये तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन, बाकी सगळा चुना. आमच्या बोअरच्या पाण्यात मुळातच डाळ शिजत नाही इतका कठीणपणा, त्यात रोज चुना कशाला? टाइल्सवर पांढरी रेघ आधीच आलेली होती. आणि पावसाळी हवेत पोतं उघडं राहिलं तर टीसीएलची ताकद जाते, हे तात्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

म्हणून मी हायपोवर आले. सोडियम हायपोक्लोराइट, दहा टक्के, कॅनमध्ये मिळतं. सायन्युरिक वाढवत नाही, चुना वाढवत नाही, मागे थोडं मीठ सोडतं एवढंच. एक लिटर टाकलं की माझ्या हौदाला सव्वातीन पीपीएम. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पंप चालू असताना, पाणी आत येतं तिथे बारीक धारेने ओतायचं. उन्हात ठेवलेल्या कॅनची ताकद महिन्याभरात कुठल्या कुठे जाते, म्हणून थोडं आणायचं, ताजं आणायचं आणि सावलीत ठेवायचं.

हायपोवर आल्यावर दुसरी गोष्ट समोर आली, पीएच. टीसीसीए आम्ल असतं, त्यामुळे आमच्या खाऱ्या बोअरचा पीएच तोवर आपोआप खाली दाबला जात होता. आता तो चढायला लागला. आमच्या पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, फार. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडत राहतो आणि पीएच वर जातो. पाहुण्यांना आवडतो म्हणून बसवलेला छोटा धबधबा तर हे काम दुप्पट वेगाने करतो. क्लोरीनला पीएच जास्त आवडत नाही. साडेसातला निम्मं क्लोरीन धारदार असतं, आठला पाव भाग उरतो. सायन्युरिक असलेल्या पाण्यात हा फरक इतका ठळक राहत नाही, पण क्षार चढायचे ते चढतातच. म्हणून आठवड्याला थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड. तीस टक्क्यांच्या ॲसिडचे सहाशे मिली माझ्या हौदाची अल्कलिनिटी दहाने उतरवतात. ज्यांचं पाणी मऊ आहे, कोकणातल्या जांभ्याच्या विहिरीचं म्हणा, त्यांना उलट खाण्याचा सोडा लागेल. तीस हजार लिटरला अर्धा किलो सोडा टाकला की दहा पीपीएम चढते. दुकानातल्या 'अल्कलिनिटी प्लस'च्या डब्यात बहुतेक वेळा हाच सोडा असतो, किराणा दुकानातून घ्या.

इथे मला हात जोडून एक सांगायचंय. ॲसिड आणि हायपो एका मापात, एका बादलीत, एका फळीवर ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा वायू होतो, बंद खोलीत तो माणूस मारतो. टीसीसीएच्या डब्यात टीसीएलचा चमचा बुडवू नका, पेट घेऊ शकतं. ॲसिड पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. आमचं ॲसिड गोठ्याच्या भिंतीपलीकडे कुलपात असतं, हायपो इकडे पंपाच्या सावलीला, आणि दोन्हींची मापं वेगळ्या रंगांची आहेत.

सायन्युरिक तीसवर आलं, पण पाणी अजून हिरवंच होतं. त्या तीसच्या चाळीस टक्के म्हणजे बारा. हौदात बारा पीपीएम क्लोरीन आणायचं, आणि ते संपेल तसं पुन्हा बारावर नेत राहायचं, शेवाळ हरेपर्यंत. एकदाच भरपूर ओतून चालत नाही. बाटलीवाले 'शॉक' म्हणतात तो एका दिवसाचा असतो, शेवाळाचा मुक्काम त्याहून लांबचा. साडेतीन लिटर हायपो पहिल्या संध्याकाळी गेलं. फिल्टर रात्रंदिवस. दाब वाढला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं. मी आणि हे दोघं मिळून ब्रशने भिंती घासत होतो, पायऱ्यांचे कोपरे, दिव्याच्या मागची कड, शिडीच्या नळ्यांची आतली बाजू. शेवाळ लपतं ते तिथेच.

मोजायचं काम तात्यांनी घेतलं. दहा मिली पाणी नळीत, त्यात चमचाभर पांढरी पूड, पाणी जांभळट गुलाबी. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब, नळी हलवत, रंग पूर्ण जाईपर्यंत. एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. बारा पीपीएम म्हणजे चोवीस थेंब. पिवळ्या रंगाची छटा ओळखण्यापेक्षा त्यांना हे आवडलं. रंग असतो किंवा नसतो, फिकट-गडदचा वाद नाही. मोठ्याने मोजायचे, आणि नातू त्यांच्या शेजारी उकिडवा बसून त्यांच्याबरोबर मोजायचा.

रात्रीचा हिशेब महत्त्वाचा. सूर्य नसताना क्लोरीन कमी झालं तर ते कुणीतरी खाल्लंय. अंधार पडल्यावर मोजायचं, काही टाकायचं नाही, उन्हं यायच्या आत पुन्हा मोजायचं. पहिल्या रात्री चोवीस थेंब, सकाळी अकरा. दुसऱ्या रात्री चोवीस, सकाळी सतरा. हिरवं पाणी राखाडी झालं, मग दुधाळ. तिसऱ्या सकाळी एकोणीस. तळातली टाइल अंधुक दिसायला लागली होती आणि मुलं काठावर कपडे काढून तयार होती. तात्यांनी त्यांना हुसकावलं. "एकोणीस म्हणजे पाच थेंब कुणी प्यायले? अजून आहे आत." पाणी माझ्या डोळ्यांना स्वच्छ वाटत होतं. मी गप्प बसले.

पाचव्या दिवशी पहाटे मला जाग आली ती बाहेरच्या मोजण्याच्या आवाजाने. पाऊस थांबलेला, बागेवर धुकं. तात्या हौदाच्या काठावर बसले होते, नळी उगवतीकडे धरलेली. रात्री चोवीस होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. एकवीस. बावीस, नळीत अजून गुलाबीची झाक. तेविसाव्या थेंबाला रंग गेला. त्यांनी नळी एकदा पुन्हा हलवून बघितली, मग खिशातलं पेन काढून वहीत लिहिलं, तारीख, वेळ, तेवीस. आणि नळी धुऊन, उलटी करून, शर्टाच्या खिशात ठेवली.